लघवीतल्या जंतूंमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो का?

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. वडिलांना वर्षभर 'युरिन इन्फेक्शन' म्हणून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं गेलं आणि शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत मूत्राशयात गाठ निघाली, तर ही गाठ त्या जंतूंनी केली का? लघवीतल्या सगळ्या जंतूंची डीएनए तपासणी करून देणारी एक प्रयोगशाळा तुम्हाला सापडली आहे, ती तपासणी करावी का? आणि आता बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लशीतला जीवाणू मूत्राशयात सोडण्याच्या उपचाराचे, डोस सुरू होणार आहेत, तर सोबत प्रोबायोटिक द्यावं का?

उत्तरं आधी सांगते, कारणं मग. गाठ त्या जंतूंनी केली असं म्हणायला आज पुरावा नाही. उलट गाठीमुळेच ती लक्षणं आली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. ती डीएनए तपासणी करू नका, कारण तिचा निकाल काहीही आला तरी वडिलांच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही. प्रोबायोटिकच्या बाजूने थोडासा पुरावा आहे, पण डॉक्टरांना न विचारता ते सुरू करू नये. तरीही तुमची शंका निराधार आहे असं मी म्हणणार नाही. मूत्राशयातले जंतू आणि कर्करोग यांच्या नात्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत गंभीर संशोधन झालं आहे आणि त्यातलं काही खरोखर विचार करायला लावणारं आहे.

निरोगी माणसाच्या लघवीत जंतू नसतात, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं गेलं. हा समज तपासणीच्या पद्धतीतून आला होता. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, दर मिलिलिटरला एक लाख जंतू ही मर्यादा रूढ केली. मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग ओळखणं आणि नमुना घेताना बाहेरून मिसळलेल्या जंतूंपासून तो वेगळा काढणं, एवढ्यासाठी ती होती आणि त्या कामाला ती चांगलीच उपयोगी पडली. पण नेहमीच्या कल्चरमध्ये लघवीचा फक्त एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, ताटलीवर पसरतात. ती ताटली साध्या हवेत ३५ अंश सेल्सियसला साधारण २४ तास ठेवतात. ई. कोलाय अशा परिस्थितीत जोमाने वाढतो. ज्यांना ऑक्सिजन चालत नाही, जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो किंवा जे सावकाश वाढतात, ते जंतू या ताटलीवर उगवतच नाहीत. शिवाय मिलिलिटरमागे हजाराहून कमी जंतू असतील, तर त्या एका थेंबुकल्यात ते सापडणारच नाहीत.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या ॲलन वुल्फ, लिंडा ब्रुबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट घेतलेल्या लघवीत जंतूंचा डीएनए दाखवला. नुसता डीएनए सापडला म्हणजे तिथे जिवंत जंतू आहेत असं होत नाही, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. म्हणून २०१४ मध्ये त्याच गटाने वेगळी कल्चर पद्धत वापरली. त्यांनी शंभरपट जास्त लघवी घेतली, वेगवेगळी माध्यमं आणि वेगवेगळी हवा वापरली आणि ताटल्या ४८ तास ठेवल्या. कॅथेटरने घेतलेल्या ६५ नमुन्यांपैकी ५२ मध्ये, म्हणजे ८० टक्क्यांत, जंतू वाढले. त्या ५२ पैकी ४८ नमुन्यांचा नेहमीचा रिपोर्ट 'नो ग्रोथ' असा होता. मूत्राशय निर्जंतुक असतो हा समज तिथे संपला.

या वस्तीत कोण असतं? स्त्रियांमध्ये बहुधा लॅक्टोबॅसिलस किंवा गार्डनेरेला यांचं प्राबल्य दिसतं, पुरुषांमध्ये कोरिनेबॅक्टेरियम, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस यांच्या कुळातले जंतू जास्त आढळतात. आतड्यातल्या अफाट संख्येपुढे इथली संख्या नगण्य असते. तीच या विषयातल्या बहुतेक गोंधळाचं मूळ आहे, पुढे त्याकडे येतेच.

वडिलांच्या जुन्या रिपोर्टकडे आधी वळू, कारण तुमच्या मनाला तीच गोष्ट लागली आहे असं पत्रावरून जाणवलं. तुम्ही लिहिता की पहिल्या एका कल्चरमध्ये ई. कोलाय आला, नंतरच्या सगळ्या कल्चरमध्ये काही आलं नाही, तरी जळजळ आणि घाई सुरूच राहिली, लघवीत पू-पेशी दिसत राहिल्या, दोनदा लघवी लालसर झाली. हे वर्णन मूत्राशयाच्या गाठीचं, विशेषतः अस्तरात पसरणाऱ्या सपाट प्रकाराचं, नेहमीचं चित्र आहे. त्या प्रकाराला 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणतात आणि तो हुबेहूब संसर्गासारखा वागतो: जळजळ, वारंवार लागणं, पू-पेशी, पण कल्चर कोरं. गाठीच्या पृष्ठभागावरच्या मेलेल्या पेशी आणि रक्त यांच्यात जंतूंना राहायला जागा मिळते, त्यामुळे मधूनच खरा संसर्गही होतो. तो औषधाने जातो आणि सगळ्यांना वाटतं, चला, निदान बरोबर होतं. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी जास्त घडतं. लघवीतलं रक्त संसर्गाच्या खाती टाकलं जातं आणि निदानाला महिने लागतात. घरातल्या बाकीच्यांसाठी हे लिहून ठेवा: लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदाच आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरीही दुर्बिणीची तपासणी आणि स्कॅन झालेच पाहिजेत. कल्चर कोरं असताना पू-पेशी कायम राहत असतील तर चौथं अँटिबायोटिक देण्याआधी त्याचं कारण शोधायला हवं. त्यात कर्करोगाइतकाच मूत्रमार्गाच्या क्षयाचाही विचार व्हायला हवा.

आता कर्करोग आणि जंतू यांच्या संशोधनाकडे वळू. २०१८ मध्ये क्रोएशियातल्या एका गटाने मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या १२ पुरुषांच्या लघवीची ११ निरोगी पुरुषांशी तुलना केली. जंतूंच्या एकूण विविधतेत फरक आढळला नाही, पण कर्करोगाच्या गटात फ्युजोबॅक्टेरियम जास्त होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हाच जंतू गाठींमध्ये वारंवार सापडतो, त्यामुळे या निकालाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच वर्षी चीनमधल्या एका गटाने ३१ रुग्ण आणि कर्करोग नसलेले १८ जण तपासले. त्यांना कर्करोगाच्या गटात जंतूंचे प्रकार जास्त मिळाले आणि ॲसिनेटोबॅक्टर, ॲनेरोकोकस ही नावं वर आली. २०२१ मध्ये इटलीतल्या एका गटाने ५१ रुग्णांमध्ये व्हेलोनेला आणि कोरिनेबॅक्टेरियम वाढलेले पाहिले. तीन अभ्यास, तिन्हींतली नावं वेगळी. पुढच्या अभ्यासांतही हेच होत राहिलं. इतक्या अभ्यासांनंतरही 'हा जंतू असला की मूत्राशयाचा कर्करोग' असं सांगता येईल असं एकही नाव हाती लागलेलं नाही.

असं का होतं, याचं एक साधं कारण नमुन्यात आहे. बाटलीत धरलेली लघवी मूत्राशयातून निघते खरी, पण मूत्रमार्गातून आणि त्वचेवरून येते. स्त्रियांमध्ये योनीमार्गातले जंतूही त्यात मिसळतात. कॅथेटरने थेट घेतलेली लघवी आणि बाटलीत धरलेली लघवी यांतली जंतूंची यादी एकाच माणसातही वेगळी येते. मग गाठीच्या ऊतीतले जंतू, गाठीशेजारच्या निरोगी अस्तरातले जंतू आणि लघवीत तरंगणारे जंतू यांची गोष्टच वेगळी. शिवाय रुग्ण वयस्क, त्यांनी आधी अँटिबायोटिक घेतलेलं, दुर्बीण आणि कॅथेटर होऊन गेलेले, बरेच जण धूम्रपान करणारे. तुलनेतला निरोगी गट या सगळ्या बाबतींत त्यांच्यासारखा असतोच असं नाही. दिसलेला फरक कर्करोगाचा की कॅथेटरचा, हे मग कसं ठरवायचं?

त्याहून खोल अडचण जंतूंच्या कमी संख्येची आहे. ही तपासणी बहुधा १६एस नावाच्या एका जनुकावर करतात. सुमारे १५०० अक्षरांचं हे जनुक सगळ्या जीवाणूंमध्ये असतं आणि त्याच्या काही भागांतल्या फरकांवरून जीवाणूचं कूळ ओळखता येतं. नमुन्यात जंतू कोट्यवधी असतील तर पद्धत उत्तम चालते. नमुन्यात ते मोजकेच असतील तर डीएनए वेगळा काढण्याच्या रसायनांत, नळ्यांत, प्रयोगशाळेच्या पाण्यात असलेला परका डीएनएही वाढतो आणि रिपोर्टमध्ये थाटात नाव लावून बसतो. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी शुद्ध साल्मोनेलाचा नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत नेऊन हे दाखवलं. नमुना जितका पातळ, तितका परक्या डीएनएचा वाटा वाढत गेला. अशा भेसळीत हमखास सापडणाऱ्या कुळांची यादीही त्यांनी दिली आणि त्यात ॲसिनेटोबॅक्टर आहे. चीनमधल्या अभ्यासातला ॲसिनेटोबॅक्टर खोटा होता असा माझा दावा नाही, तो खऱ्या रुग्णांतही असतो. पण कोऱ्या नळीचा, म्हणजे लघवीच न घातलेल्या नमुन्याचा निकाल सोबत दिलेला नसेल तर अशा नावावर मी विसंबत नाही. कोणताही शोधनिबंध हातात आला की मी आधी तेच पाहते.

या क्षेत्राला बसलेला सगळ्यात मोठा धक्का २०२४ चा आहे. २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने हजारो गाठींच्या जनुकीय माहितीत प्रत्येक कर्करोगाची जंतूंची वेगळी खूण असते असं म्हटलं होतं. त्यानंतर दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली. त्यात मूत्राशयाच्या गाठींचाही समावेश होता. जंतूंचे म्हणून मोजलेले असंख्य तुकडे प्रत्यक्षात माणसाच्याच डीएनएचे निघाले, कारण जंतूंच्या संदर्भसंग्रहातच मानवी डीएनए मिसळलेला होता. शिवाय आकडे एका पट्टीवर आणण्याच्या गणिताने जिथे खूण नव्हती तिथे खूण निर्माण केली होती. जून २०२४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. तुम्हाला सापडलेल्या प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात 'प्रत्येक कर्करोगाची जंतुखूण' हे वाक्य असल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं. त्या वाक्यामागचा आधारच आता उरलेला नाही.

समजा मोजमाप अचूक आहे आणि फरकही खरा आहे. तरी आधी काय झालं, हा प्रश्न उरतोच. गाठीतून रक्त येतं आणि रक्तातल्या लोहावर बरेच जंतू पोसले जातात. अस्तराचं संरक्षक आवरण तिथे फाटलेलं असतं, मेलेल्या पेशी असतात, लघवी पूर्ण निघत नाही. डबकं साचलं की डास येतात, डासांनी डबकं केलं असं कोणी म्हणत नाही. आधी जंतू आणि मग गाठ हा क्रम सिद्ध करायचा तर निरोगी माणसांचे नमुने आज गोठवून ठेवायचे आणि पुढे वर्षानुवर्षं कोणाला कर्करोग होतो ते पाहायचं, असे मोठे अभ्यास लागतील. आतापर्यंतचे बहुतेक अभ्यास निदान झाल्यानंतरच्या एकाच नमुन्यावर उभे आहेत.

मग जंतूंवर संशय घ्यायचाच कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण शरीरात दुसरीकडे अशी उदाहरणं आहेत. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी कर्करोग घडवतो हे १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलं. त्याच वर्षी त्याच संस्थेने मूत्राशयातल्या एका जिवावरही तोच शिक्का मारला. तो जीवाणू नाही, शिस्टोसोमा हिमॅटोबियम नावाचा कृमी आहे. आफ्रिका आणि मध्यपूर्वेत साचलेल्या गोड्या पाण्यातून तो शरीरात शिरतो, त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात आणि वर्षानुवर्षं तिथे दाह धुमसत राहतो. त्यातून होणारा कर्करोग नेहमीपेक्षा वेगळ्या, खवल्यासारख्या पेशींचा असतो. इजिप्तमध्ये या कृमीवर नियंत्रण आलं तसं तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगांत या प्रकाराचं प्रमाण घटत गेलं. कारण हटवलं आणि आजार हटला, यापेक्षा भक्कम पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो. मणक्याच्या दुखापतीनंतर वर्षानुवर्षं कॅथेटर असलेल्यांमध्येही याच पेशींचा कर्करोग जास्त दिसतो. तिथेही दीर्घकाळचा दाह आणि संसर्ग हातात हात घालून असतात. पण तुमच्या वडिलांची गाठ, तुम्ही पाठवलेल्या बायोप्सीच्या वर्णनानुसार, नेहमीच्या युरोथेलियल, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींच्या, प्रकाराची आहे. वर्षभरात तीन-चारदा झालेल्या जळजळीची या उदाहरणांशी तुलना होऊ शकत नाही.

जंतू हे करू शकतील असे मार्ग कल्पनेतले नाहीत. काही जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक रसायनं तयार होऊ शकतात. ई. कोलायचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात, ते डीएनएवर आपली ओळखता येणारी खूण सोडतं. २०२० मध्ये ती खूण मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये आणि मूत्रमार्गाच्या अगदी मोजक्या गाठींमध्येही दिसली. मोजक्या हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग मूत्राशयातल्या जंतूंवरचा नाहीच. तो आतड्यातल्या जंतूंवरचा आहे. क्रोएशिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. बीबीएन नावाचं नायट्रोसामाइन कुळातलं रसायन उंदरांना पाण्यातून दिलं की त्यांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे अनेक दशकं माहीत आहे आणि प्रयोगशाळेत ते नेहमी वापरलं जातं. या गटाने काही उंदरांच्या आतड्यातले जंतू अँटिबायोटिकने जवळपास संपवले आणि मग तेच रसायन दिलं. जंतू शाबूत असलेल्या उंदरांपैकी सुमारे ९० टक्क्यांना गाठी झाल्या, जंतू घालवलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांनाच. कारणही त्यांनी शोधून काढलं. आतड्यातले काही जीवाणू बीबीएनचं बीसीपीएन या दुसऱ्या रसायनात रूपांतर करतात. ते रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतं, मूत्राशयात साठून राहतं आणि तिथल्या पेशींच्या डीएनएला इजा करतं. माणसाच्या विष्ठेतले जीवाणूही हे रूपांतर करू शकतात आणि ते करण्याची ताकद माणसागणिक वेगळी असते, हेही त्यांनी दाखवलं.

यातून अँटिबायोटिक घेतलं तर कर्करोग टळेल असा अर्थ कृपा करून काढू नका. हा उंदरांवरचा, एका विशिष्ट रसायनाचा प्रयोग आहे. पण एक जुनं कोडं त्याने नव्याने मांडलं आहे. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पहिल्यांदा नोंदवलं. तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की बाहेरून आलेली रसायनं लघवीतून जाता जाता हा आजार घडवतात. आज मूत्राशयाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांमागे धूम्रपान आहे. तरी तितक्याच सिगारेटी ओढणाऱ्या दोघांपैकी एकालाच आजार का होतो? यकृतातल्या विकरांचे वारशाने आलेले फरक हे त्याचं एक माहीत असलेलं उत्तर आहे. आतड्यातल्या जंतूंचा फरक हे दुसरं उत्तर असू शकेल. तसं ठरलं तर जंतू हा स्वतंत्र गुन्हेगार ठरणार नाही, तंबाखूचा साथीदार ठरेल. तुमच्या वडिलांनी तीस वर्षं सिगारेट ओढली आणि अजून ती पूर्ण सुटलेली नाही, हे तुमच्या पत्रातलं वाक्य माझ्या मते सगळ्या जंतूंच्या यादीपेक्षा वजनदार आहे. निदानानंतर सोडण्यातही फायदा आहे. सोडा म्हणून नुसतं सांगून भागत नाही. निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या आणि समुपदेशन, ज्याची गरज असेल ते मिळवून द्या.

आता बीसीजी. जंतू आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्यातलं निर्विवाद सिद्ध झालेलं नातं हे आहे आणि ते उपचाराचं आहे. काल्मेट आणि गेरँ यांनी क्षयाच्या लशीसाठी दुबळा केलेला हा जिवंत जीवाणू १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिला गेला. १९७६ मध्ये कॅनडातले मूत्ररोगतज्ज्ञ अल्वारो मोरालेस यांनी तो कॅथेटरने थेट मूत्राशयात सोडून गाठी परत येण्याचं प्रमाण घटतं हे दाखवलं. दर आठवड्याला एक असे सहा डोस देण्याची तेव्हाची पद्धत आजही पाळली जाते. जोखीम जास्त असेल तर त्यानंतर एक ते तीन वर्षं मधून मधून तीन-तीन डोस देतात. हा जीवाणू अस्तरातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला चिकटतो, पेशींत शिरतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या जागी खेचून आणतो. पुढचं काम पांढऱ्या पेशी करतात.

इथे मूत्राशयात आधीपासून राहणाऱ्या जंतूंचा प्रश्न खराखुरा होतो. बीसीजी काहींमध्ये उत्तम लागू पडतो, काहींमध्ये पडत नाही. आधीची वस्ती त्या चिकटण्यात अडथळा आणते का, किंवा प्रतिकारशक्तीला आधीच जागं ठेवून मदत करते का? छोट्या अभ्यासांत उपचारानंतर गाठ परत न आलेल्यांमध्ये लॅक्टोबॅसिलसच्या गणातले जंतू जास्त दिसले आहेत. त्यांची रुग्णसंख्या इतकी कमी आहे की त्यावरून कोणाचाही उपचार बदलणं मला योग्य वाटत नाही. पण येत्या काही वर्षांत या विषयातून रुग्णाच्या कामाचं काही निघालं तर ते इथून निघेल, असं मला वाटतं.

डोस सुरू असताना काय पाळायचं ते सांगते. डोसच्या आधी कल्चरमध्ये जंतू आले पण वडिलांना काही त्रास नाही, तर तेवढ्यावरून डोस पुढे ढकलण्याची किंवा अँटिबायोटिक देण्याची सहसा गरज नसते. ताप, नव्याने वाढलेली जळजळ, दुर्गंधीयुक्त गढूळ लघवी असा खरा संसर्ग असेल तर डोस थांबवतात. गाठ काढल्यानंतर निदान दोन आठवडे जायला हवेत. लघवीत स्पष्ट रक्त असताना किंवा कॅथेटर घालताना इजा झाली असेल तर त्या दिवशी डोस देत नाहीत, कारण जिवंत जीवाणू थेट रक्तात जाऊ शकतो. डोसनंतर एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लागणं, थोडी कणकण हे अपेक्षित आहे. ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेला, दोन दिवसांत उतरला नाही किंवा थंडी वाजून आला तर वाट न पाहता रुग्णालयात जायचं आणि 'बीसीजी दिलेला आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. तिथे नेहमीचं संसर्गाचं औषध पुरत नाही, क्षयाची औषधं लागू शकतात. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं बीसीजीच्या जीवाणूवरही काम करतात.

अँटिबायोटिकबद्दल आणखी एक. आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांना ॲटेझोलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं देतात. त्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतल्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्यांचं आयुर्मान कमी दिसलं. मुळात जास्त आजारी असणाऱ्यांनाच अँटिबायोटिक लागतं, त्यामुळे हा दोष सगळा औषधाचा म्हणता येत नाही. तरी विनाकारण अँटिबायोटिक न देण्याचं ते आणखी एक कारण आहे.

प्रोबायोटिकवर सगळ्यात जास्त काम जपानमध्ये झालं. तिथे १९९० च्या दशकात लॅक्टोबॅसिलस केसीचा एक वाण तोंडाने देऊन गाठ परत येण्याचं प्रमाण कमी होतं का हे पाहिलं गेलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठ काढून मूत्राशयात एपिरुबिसिन हे कर्करोगाचं औषध सोडलेल्या सुमारे २०० रुग्णांपैकी निम्म्यांना हा जीवाणूही दिला होता. तीन वर्षांनंतर गाठ परत न आलेल्यांचं प्रमाण जीवाणू घेतलेल्यांत ७४.६ टक्के होतं, न घेतलेल्यांत ५९.९ टक्के. फरक चांगला आहे. पण आजार पुढे वाढण्यात किंवा एकूण आयुर्मानात फरक पडला नाही, तुलनेच्या गटाला औषध नसलेली दिखाऊ गोळी दिलेली नव्हती आणि हे बीसीजीसोबत केलेलं नव्हतं. म्हणून उपचारांच्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांमध्ये याला जागा मिळालेली नाही. दुकानातली कोणतीही प्रोबायोटिक बाटली म्हणजे तो वाण नव्हे, हेही खरंच. वडिलांची प्रतिकारशक्ती एरवी ठीक असेल तर त्यांचं नेहमीचं आंबवलेलं खाणं चालू राहू द्या, त्याने बिघडत नाही. कॅप्सूल सुरू करायच्या असतील तर आधी बीसीजी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं काही चालू असेल तर देऊच नका, कारण अशा रुग्णांत क्वचित हेच जीवाणू रक्तात गेलेले आहेत.

तुमच्या रुग्णालयात जंतूंवरचा संशोधन प्रकल्प चालू आहे आणि वडिलांचा नमुना मागितला आहे, असंही तुम्ही शेवटी लिहिलंत. त्याला जरूर होकार द्या. ती गोष्ट त्या खाजगी तपासणीहून पूर्ण वेगळी आहे. तिथे नमुना कॅथेटरने घेणार की बाटलीत, कोऱ्या नळीची तुलना ठेवली आहे का आणि उपचारानंतर पुन्हा नमुना घेणार का, हे विचारा. गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारीख त्यांना लिहून द्या. पुढच्या भेटीत वडिलांच्या डॉक्टरांना मात्र तीन गोष्टी विचारा: पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू होता का, गाठीसोबत सपाट प्रकार होता का, आणि पुन्हा एकदा दुर्बिणीने खरवडून बघायची गरज आहे का. मूत्राशयाच्या दर चार गाठींपैकी सुमारे तीन निदानाच्या वेळी स्नायूपर्यंत पोचलेल्या नसतात. तुमच्या वडिलांची गाठ त्यांतलीच आहे हे पक्कं करणं या आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.